स्पोर्ट्स कारच्या क्लच-ब्रेकच्या पेडलवरून पाय सटकत असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार आहे. आधीच्या मालकानं क्लच आणि ब्रेकच्या पेडलांवर भोकं पाडलेली चकचकीत ॲल्युमिनियमची कव्हरं बसवली आहेत. बूट ओले असले की क्लचवरून पाय सटकतो, आणि एकदा ब्रेकवरूनही सटकला. पॉलिश पेपरचा तुकडा चिकटवून पाहिला, तो आठवड्याभरात निघून आला. आता यापेक्षा दातेरी कव्हरं घ्यावीत, की आणखी काही करावं?

कव्हरं घेऊ नका. का ते सांगतो, पण त्याआधी एक गोष्ट. गॅरेजात गेलात तर ‘क्लच स्लिप होतोय’ असं चुकूनही म्हणू नका. मेकॅनिकच्या कानाला त्याचा एकच अर्थ लागतो: क्लच प्लेट संपली, इंजिन ओरडतंय आणि गाडी पळत नाही. एक गृहस्थ माझ्याकडे आले, तेव्हा दुसऱ्या ठिकाणी त्यांच्या गाडीचा गिअरबॉक्स खाली उतरवायची तयारी चालली होती. त्यांचा पाय घसरत होता, एवढंच. ‘पेडलवरून पाय सटकतो’ असं सरळ सांगा, खर्च वाचेल.

पहिलं काम म्हणजे ती कव्हरं आजच काढा. खाली वाकून पेडलच्या मागच्या बाजूला टॉर्च मारलात की दोन किंवा चार छोट्या पट्ट्या आणि त्यांचे स्क्रू दिसतील. त्या पट्ट्या पेडलच्या लोखंडी पानाला, म्हणजे पाय टेकतो त्या पत्र्याला, मागून चिमटीत धरतात. बऱ्याचदा अशी कव्हरं मूळ रबरावरच चढवलेली असतात. रबर दबतं, पट्ट्या ढिल्या होतात, आणि महिन्याभरात कव्हर बोटानं हलवता येतं. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत ब्रेकचं कव्हर असंच फिरलं होतं आणि त्याचा कोपरा ॲक्सिलरेटरवर आला होता. ब्रेक जोरात दाबला की इंजिनचा आवाज वाढायचा. मालक इंजिनातला बिघाड शोधत बसला होता. गुळगुळीत पेडल वाईट खरं, पण ढिलं कव्हर त्याहून वाईट, कारण गुळगुळीत पेडल निदान जागेवर तरी असतं.

शर्यतीच्या गाड्यांच्या पेडलांना भोकं असतात हे खरं. ती वजन घटवायला आणि पाणी-चिखल निघून जायला असतात, आणि भोकांच्या कडा मुद्दाम वर उचललेल्या असतात, बुटाच्या सोलात रुतायला. दिखाऊ कव्हरांत भोकं असतात, पण कडा घासून मऊ केलेल्या असतात आणि वर पॉलिश. ओल्या सोलाला तिथे धरायला काहीच मिळत नाही.

कव्हर निघालं की एक पांढरं फडकं घ्या आणि पेडलचं पान, त्याच्या कडा आणि वर जाणारा दांडा पुसून बघा. फडक्यावर काय येतं त्यावर पुढचं सगळं ठरतं. नुसता काळा कोरडा मळ आला तर झिजलेलं रबर आणि धूळ, एवढाच मामला आहे. तेलकट आलं तर थांबा. क्लच हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा असेल, तर क्लचचा मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराचा ऑइलमध्ये दाब करणारा भाग) बहुतेक गाड्यांत पेडलच्या थेट वर, पायाजवळच्या भिंतीवर बसलेला असतो. त्याचं मागचं सील गेलं की ब्रेक ऑइल पुशरॉडवरून (पेडल आणि सिलिंडर जोडणाऱ्या सळईवरून) झिरपत पेडलच्या दांड्यावर उतरतं आणि तिथून पानावर येतं. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचंही तसंच, फक्त तिथे मध्ये व्हॅक्यूम बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा गोल डबा) असेल तर गळालेलं ऑइल आधी बूस्टरमध्ये जातं आणि पेडलवर दिसत नाही. पुशरॉडवरचं रबरी टोपण बोटानं थोडं बाजूला करून आत चाचपा. ओलं लागलं, किंवा त्या भागातला रंग फुगून सालपटं सुटत असतील, तर तुमचा प्रश्न पेडलच्या पकडीचा नाहीच. सील किट टाका नाहीतर सिलिंडर बदला, लाइनमधली हवा काढा, आणि मगच पेडलाकडे या. कार्पेट उचलून खालचा फोमही दाबून बघा, कारण वरून कोरडा दिसणारा कार्पेट खाली भिजलेला असू शकतो.

ओल चिकट-गोडसर वासाची असेल तर ती कूलंटची. हीटरचा छोटा रेडिएटर डॅशबोर्डच्या आत असतो, आणि तो गळायला लागला की कूलंट पायाजवळ उतरतं. काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल तर संशय पक्का समजा.

तिसरी शक्यता सगळ्यात हास्यास्पद, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त आढळणारी. गाडी धुणाऱ्यानं आतून ‘चमक’ मारलेली असते. डॅशबोर्ड आणि टायर काळेभोर दिसावेत म्हणून जो सिलिकॉनचा स्प्रे मिळतो, तो पेडलांवरही फवारतात. एक गाडी याच तक्रारीसाठी तीनदा आली. दोनदा मी रबरं स्वच्छ करून दिली. तिसऱ्यांदा मालकाला विचारलं की गाडी धुऊन कधी आणली, तर म्हणाला, ‘काल’. पेडलं आरशासारखी चमकत होती. सिलिकॉन साध्या पाण्यानं जात नाही. भांडी घासायचं डिटर्जंट, गरम पाणी आणि ताठ ब्रश घेऊन दोन-तीन वेळा घासा, पूर्ण वाळू द्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. रबरावर पेट्रोल किंवा थिनर लावू नका, रबर फुगतं आणि मऊ पडतं. आणि गाडी धुणाऱ्याला सांगून ठेवा की पेडलं, स्टिअरिंग आणि सीटची बैठक यांना हात लावायचा नाही.

आता क्लचवरूनच पाय जास्त का सटकतो? लटकतं पेडल वरच्या बिजागरीभोवती फिरतं. समजा बिजागरीपासून पानापर्यंत दांडा ३० सेंटिमीटरचा आहे आणि क्लच पूर्ण दाबताना पान १४ सेंटिमीटर पुढे जातं. म्हणजे पानाची दिशा जवळजवळ २७ अंशांनी बदलली. सुरुवातीला पाय पानाला अगदी सरळ टेकला असेल, तर शेवटी तो तितका तिरका लागतो. दोन पृष्ठभागांमधला घर्षणाचा गुणांक ०.५ असेल तर साधारण २७ अंशांपर्यंतचा तिरकेपणा ते सांभाळतात. त्यापुढे घसरणारच. पाणी किंवा तेलाच्या थरामुळे गुणांक ०.२ वर आला तर ही मर्यादा ११ अंशांवर येते. म्हणून क्लच अर्ध्यापर्यंत बरा वाटतो आणि नेमका तळाशी गेल्यावर पाय निसटतो. स्पोर्ट्स कारमध्ये बैठक खाली, पाय जवळजवळ सरळ, आणि क्लचची स्प्रिंग कडक. टाच जमिनीवर न टेकता अख्ख्या पायानं ढकलावं लागतं. हवेवर थंड होणाऱ्या जुन्या पोर्शे ९११ मध्ये पेडलं जमिनीला बिजागरलेली होती. तिथे पाऊल आणि पान एकाच बाजूला वळतात, त्यामुळे बूट पानावर कमी सरकतो. लटकत्या पेडलात दोघं उलट्या दिशांना वळतात.

ब्रेकचं गणित निराळं. तिथे पेडलची चाल कमी, पण जोर प्रचंड. मोटारींच्या ब्रेकसाठी संयुक्त राष्ट्रांचा १३-एच हा जो नियम आहे, त्यात चाचणीत पेडलवर जास्तीत जास्त ५०० न्यूटन, म्हणजे साधारण ५० किलो वजनाएवढा जोर गृहीत धरतात. घाबरलेला माणूस त्याहूनही जास्त लावतो. एवढ्या जोरात पाय सटकला तर तो बाजूला जातो, आणि बाजूला ॲक्सिलरेटर असतो. युरोपीय संघाच्या वाहन-तपासणीच्या २०१४ च्या निर्देशात ब्रेकच्या पेडलवरची घसरण रोखणारी सोय नसणं, ढिली असणं किंवा झिजून गुळगुळीत होणं हा वेगळा दोष म्हणून नोंदवला आहे, तो यामुळेच. तेव्हा दोन्हींपैकी एकच पेडल आधी करायचं असेल तर ब्रेकचं करा, तक्रार क्लचची असली तरी.

माझा सल्ला साधा आहे: मूळ कंपनीची रबरं परत बसवा. दिसायला काही विशेष नाहीत, पण त्यांच्या खाचांतून पाणी बाहेर जातं, ती पानाला चारही बाजूंनी गच्च धरतात आणि पेडलची उंची गाडी बनवणाऱ्यानं ठरवली तीच राहते. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. ब्रेकवर ८-१० मिलिमीटर जाडीचं कव्हर चढवलं की ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्या उंचीतला फरक तेवढा वाढतो. घाईत ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर जाताना बुटाचं टोक ब्रेकच्या कडेला अडतं.

रबर बसवताना सगळे घाई करतात. जुनं रबर सुरीनं मागून कापून काढा, ओढत बसू नका. आतलं लोखंडी पान बहुतेक वेळा गंजलेलं निघेल. वायर ब्रशनं घासा, गंजरोधक रंगाचा एक पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या रंगावर रबर चढवलंत तर ते महिनोन्‌महिने सरकत राहील. नवीन रबर गरम पाण्यात पाचेक मिनिटं ठेवा, मऊ होतं. पुसून आतल्या खाचेत आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा. त्यानं रबर सहज सरकतं आणि नंतर ते उडून जातं. ग्रीस, तेल, साबणाचा घट्ट फेस यातलं काही नको, ते आत राहतं आणि रबर फिरायला लागतं. आधी वरची कड अडकवा, मग एक बाजू, आणि उरलेली बाजू चमच्याच्या बोथट दांड्यानं ओढून घ्या. स्क्रू ड्रायव्हर वापरलात तर रबराचा ओठ, म्हणजे पानामागे वळणारी कड, फाटतो, आणि फाटलेला ओठ पुढे तिथूनच सुटतो. शेवटी पेडलच्या मागून बोट फिरवा. चारही कडांना रबराचा ओठ पानामागे वळलेला लागला पाहिजे. एका कोपऱ्यात जरी लोखंडाची धार बोटाला लागली, तरी पुन्हा बसवा.

रबर मिळेपर्यंत जुनंच चालवायचं असेल आणि त्याला अजून खाचा असतील, तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं वरचा तुकतुकीत थर घासून काढा. जुन्या रबराची वरची साल कडक होते, खालचं अजून मऊ असतं. चार-सहा आठवडे निघतात. खाचाच उरल्या नसतील तर घासून उपयोग नाही.

काही गाड्यांत मुळातच रबर नसतं. १९९६ मध्ये उत्पादनाला लागलेल्या पहिल्या लोटस एलिसची पेडलं ॲल्युमिनियमच्या एक्स्ट्रूजनची (साच्यातून दाबून काढलेल्या पट्टीची), उघडी. अशा पेडलांसाठी, किंवा तुम्हाला धातूचं पानच हवं असेल तर, दोन उपाय खरे चालतात. पहिला कानशीचा. पेडल सोडवून व्हाइसमध्ये धरा, तिकोनी कानशीनं तिरप्या रेघा पाडा, मग उलट्या तिरप्या. साधारण अर्धा ते एक मिलिमीटर खोल आणि चार-पाच मिलिमीटर अंतरावर. मध्ये छोटे चौकटचे उंचवटे उभे राहतात. तासाभराचं काम आहे आणि वर्षानुवर्षं टिकतं. पातळ पत्र्याच्या पानावर मात्र हे करू नका, आणि दांडा जिथे पानाला जोडला आहे त्या जागेपासून कानस लांब ठेवा.

दुसरा उपाय टेपचा. तुमचा पॉलिश पेपर निघाला कारण त्याचा पाठीमागचा कागद पाणी पितो, आणि कव्हरच्या पॉलिशवर गोंद धरत नाही. जिन्याच्या पायऱ्यांवर लावतात ती खरखरीत टेप घ्या, पाठ प्लॅस्टिकची असलेली. तिच्यावर सिलिकॉन कार्बाइड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडची खर असते. धातू आधी २४० नंबरच्या पेपरनं मंद करा, अल्कोहोलनं पुसा. टेप पानाच्या कडेपासून ३ मिलिमीटर आत राहील अशी कापा आणि कोपरे गोल करा, कारण टेप नेहमी कोपऱ्यातून उठते. बाटलीसारखं काहीतरी कडक गोल घेऊन जोर लावून दाबा, आणि एक दिवस गाडी बाहेर काढू नका, गोंदाला तेवढा वेळ लागतो. रबरावर ही टेप लावू नका, टिकत नाही. आणि टेप हा कायमचा उपाय समजू नका. एक्झॉस्टच्या उष्णतेनं पायाजवळची जागा तापते आणि गोंद सरकायला लागतो. दर तेलबदलीला नखानं कड तपासा.

बोल्टनं बसवायची चांगली, जाड ॲल्युमिनियमची पानंही मिळतात. तीच हवी असतील तर रबर काढून, लोखंडी पानाला ड्रिल मारून, प्रत्येक पेडलला निदान तीन बोल्ट आणि मागे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज ढिले न होणारे) लावून बसवा. पॉप रिव्हेट नको. ड्रिल मारताना पेडल गाडीतून काढलेलं बरं, नाहीतर लोखंडाचा कीस नेमका ब्रेकलाइटच्या स्विचमध्ये जातो. बसवल्यावर ब्रेक पूर्ण दाबून ॲक्सिलरेटर आणि शेजारच्या भिंतीपासूनचं अंतर हातानं चाचपून बघा.

दातेरी कव्हरांना मी सुरुवातीलाच नाही म्हणालो, त्याचं कारण इथे येतं. पकड जितकी जास्त तितकी चांगली, असं नसतं. क्लचवर बूट थोडा सरकायलाच हवा, नाहीतर पान वळताना सोल ओढला जातो आणि घोटा तिरका होतो. ब्रेकवर तर, टाच-चवडा करत, म्हणजे एकाच उजव्या पायानं ब्रेक दाबत ॲक्सिलरेटरही देत, गिअर खाली घेणाऱ्यांना चवडा ब्रेकवर ठेवून पाऊल फिरवावं लागतं. तीक्ष्ण दात सोलात रुतले की ते फिरणं अडखळतं, आणि ब्रेक सोडताना बूट अडकतो. ॲक्सिलरेटरवर खरखरीत काहीही लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. क्लचवर पुढच्या खरखरीपेक्षा डाव्या कडेला उभी ४-५ मिलिमीटरची छोटी धार जास्त कामाची. पाय बाजूला निसटायला लागला की ती त्याला थोपवते. धार पानाच्या आतच राहू द्या, बाहेर फताडी नको.

रबरं नवीन घालूनही पाय सटकतच राहिला तर पेडल हातानं धरून डावी-उजवीकडे हलवा. खेळ लागला तर बिजागरीतले बुश (झीज सोसणाऱ्या छोट्या नळ्या) गेले. पेडल दाबताना पानच बाजूला कलतं, आणि दोष पायाला दिला जातो. बुश लहानसे असतात, बदलायला वेळ लागतो तो डॅशबोर्डखाली उलटं पडून राहण्यात. पेडलची उंची जमत नाही म्हणून ब्रेकचा पुशरॉड मात्र स्वतः लांब करू नका. त्याला थोडी मोकळी चाल ठेवावीच लागते. ती संपली की मास्टर सिलिंडरमधला पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल टाकीत परतायचं छिद्र झाकलं जातं, आणि ब्रेक तापले की आपोआप धरायला लागतात.

पायाखालचंही बघा. चवडा घसरतो असं वाटतं, पण पुष्कळदा टाच घसरत असते. ओल्या गुळगुळीत मॅटवर टाच सरकली की चवडाही पेडलवरून सरकतो. एकच मॅट ठेवा, हुकाला अडकवलेली, दोन एकावर एक कधीच नाही. बूट पातळ, सपाट, रबरी सोलाचे घाला. चामडी सोल पाण्यात कोणत्याही पेडलवर घसरेल, त्याला माझ्याकडे इलाज नाही.

सगळं झाल्यावर गाडी उभी ठेवून, इंजिन चालू करून, गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असताना बुटाचा तळ पाण्यानं भिजवा. ब्रेक दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून जितका जोर येईल तितका दहा वेळा दाबा, मुद्दाम पानाच्या कडेला पाय ठेवूनही. क्लच तळापर्यंत वीस वेळा. नंतर वाकून रबर जागेवरून हललं का ते बघा. एखाद्या कडेचा ओठ निसटणार असेल तर तो बहुधा या पहिल्या वीस-तीस दाबांतच निसटतो, आणि तेव्हा गाडी तुमच्या दारातच उभी असते.